पायांनी वाचायचं प्रदर्शन: माणसाला चालतं-फिरतं ठेवणाऱ्या वास्तुरचनेवर प्रदर्शन कसं उभारावं

पायरी १५ सेंटिमीटर उंचीची असावी की १९, हे फलक वाचून कळत नाही. ते गुडघ्याला कळतं. वास्तुरचनेवरची बहुतेक प्रदर्शनं मात्र भिंतीवर टांगलेली असतात: नकाशे, चकचकीत फोटो, खाली चार ओळी. माणूस हात मागे बांधून एका फलकावरून दुसऱ्याकडे सरकतो आणि वीस मिनिटांत बाहेर पडतो. इमारत आणि रस्ता माणसाला चालायला, चढायला, खेळायला कसं प्रवृत्त करतात, हा विषय असेल तर ही पद्धत मुळातच तोकडी पडते.

म्हणून पहिला नियम असा, की जे माप शरीराला जाणवतं ते खऱ्या आकारात बांधायचं आणि कागदावर फक्त उरलेलं ठेवायचं. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका नियमावर उभं आहे. वास्तुकला महाविद्यालय, संग्रहालय किंवा सोसायट्यांचा महासंघ यांच्यापैकी कुणालाही जमेल असा आवाका धरला आहे: साधारण १२ बाय १६ मीटरचा हॉल, बाहेर मोकळं अंगण, तीन आठवड्यांचा मुक्काम आणि तयारीला सोळा आठवडे. महाराष्ट्रात हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यानच करावं. पावसाळ्यात अंगण हातचं जातं, प्लाय फुगतं, सनबोर्ड (फलकांसाठीचा हलका फोमचा बोर्ड) वाकतो. मार्चनंतर परीक्षा लागतात, शाळा येत नाहीत, आणि शाळा आल्या नाहीत तर निम्मा उपयोग संपला.

आधी विषय आवळा

'आरोग्यदायी वास्तुरचना' या नावाखाली हवा, उजेड, आवाज, रंगातली रसायनं, मनःस्वास्थ्य असं सगळं येतं. एका हॉलमध्ये हे बसत नाही. फक्त हालचाल घ्या, आणि त्यातही चार ठिकाणं: जिना, फुटपाथ, घरापुढचं अंगण आणि वाहनांविना रस्ता. प्रत्येक ठिकाणी पाहुण्याला एकच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याला स्वतःच्या घरी जाऊन तपासता येईल. 'तुमच्या इमारतीत शिरल्यावर आधी काय दिसतं, जिना की लिफ्ट?' हा प्रश्न चांगला. 'शाश्वत नगररचनेत सक्रिय जीवनशैलीचं स्थान काय?' हा नको.

जागतिक संदर्भ एका फलकात आटपतो. न्यू यॉर्क शहराने २०१० मध्ये 'ॲक्टिव्ह डिझाइन गाइडलाइन्स' काढल्या. वास्तुरचनाकार आणि शहराचं आरोग्य खातं एकत्र बसून इमारतींचा विचार करू लागले, त्याचं ते फळ. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही तिथेच लिहावी: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं. यापेक्षा जास्त आकडे दारात देऊ नका. लोक आत येतानाच थकतात.

सुरुवात एका दोरीने

इमारतींची रचना आणि प्रकृती यांचा संबंध मुंबईला नवा नाही, हे पाहुण्याला पहिल्या पाच पावलांतच कळायला हवं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढणं, दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती वसवणं ही कामं त्यातून झाली. घरात उजेड-वारा यावा म्हणून ट्रस्टच्या काळात ६३.५ अंशांचा नियम पुढे आला: खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली तर ती ६३.५ अंशांपेक्षा उभी असू नये. हिशेब सोपा आहे. समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको.

हे दाखवायला एक दोरी पुरते. भिंतीवर ३ मीटर उंचीवर हुक, तिथून जमिनीवर भिंतीपासून १.५ मीटर अंतरावर दुसरं टोक. दोरी ६ मिमी जाडीची, गडद लाल. टोकाशी जमिनीवर बसायला एक पाट ठेवा आणि लिहा: 'इथे बसा, वर बघा.' पाटावर बसलेल्या माणसाला दोरीच्या रेषेत छत दिसतं आणि नियम समजतो. दोरीचा ताण कमी पडला तर ती मध्ये झोळ खाते आणि कोनच चुकतो, म्हणून खाली टर्नबकल (फिरवून ताण वाढवायचा स्क्रू) लावावा. वाटेत आडवी येणारी दोरी कुणाच्याही गळ्याशी येऊ शकते. बाजूंनी गुडघ्याएवढ्या उंचीचा कठडा हवाच.

इथे एक वाक्य पक्कं बसवा: त्या काळी इमारतींकडून उजेड-वारा मागितला, आज त्यात हालचालीची भर घालायची आहे. पुढच्या सगळ्या दालनांना हा धागा लागतो.

तीन जिने

प्रदर्शनाचा जीव इथे आहे. निम्मा वेळ आणि सुताराचं बहुतेक काम इथेच जाईल, आणि जाऊ द्यावं.

९०० मिमी उंचीचा एक सलग ओटा बांधा, ३६०० मिमी लांब, १२०० मिमी खोल. त्याला समोरून एकमेकांना लागून तीन जिने, प्रत्येक १२०० मिमी रुंद. तिघांची चढ एकच, पण पायऱ्या वेगळ्या. राइजर म्हणजे पायरीची उंची, ट्रेड म्हणजे पाय टेकायची आडवी जागा:

पहिला: ४ राइजर, प्रत्येकी २२५ मिमी, ट्रेड २०० मिमी. जुन्या वाड्यातल्या माडीच्या जिन्यासारखा उभट.
दुसरा: ५ राइजर, प्रत्येकी १८० मिमी, ट्रेड २५० मिमी. आजच्या फ्लॅटच्या इमारतीतला.
तिसरा: ६ राइजर, प्रत्येकी १५० मिमी, ट्रेड ३०० मिमी. शाळा, नाट्यगृह, सरकारी कचेरीचा.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार घरांच्या इमारतीत राइजर १९० मिमीपर्यंत आणि ट्रेड किमान २५० मिमी चालतो. शाळा-दवाखान्यासारख्या इमारतीत राइजर १५० पर्यंत आणि ट्रेड किमान ३००. म्हणजे माणूस आयुष्यभर जो जिना रोज चढतो तोच कायद्याने जास्त उभट असू शकतो. ही गोष्ट फलकावर मोठ्या अक्षरांत जावी.

सतराव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुरचनाकार फ्रान्स्वा ब्लोंडेलचं सूत्रही इथे तपासायला द्यावं: दोन राइजर अधिक एक ट्रेड मिळून माणसाचं एक पाऊल, आजच्या हिशेबाने ६०० ते ६४० मिमी. पहिल्या जिन्याची बेरीज ६५०, दुसऱ्याची ६१०, तिसऱ्याची ६००. दुसरा आणि तिसरा दोन्ही सूत्रात बसतात, तरी उतरताना फरक लख्ख जाणवतो. २५० च्या ट्रेडवर मोठ्या माणसाची चप्पल पूर्ण टेकत नाही, टाच किंवा चवडा बाहेर राहतो. सूत्र पुरेसं नाही, हे पाहुण्याचं पाऊलच सांगतं.

साहित्य: १९ मिमी जाडीच्या ८ बाय ४ फुटी कमर्शियल प्लायचे १० ताव (पायऱ्या व राइजर ३, ओट्याचा माथा २, बाजूच्या फळ्या ४, एक हाताशी). ओट्याच्या सांगाड्याला ४० बाय ४० बाय २ मिमीचा स्क्वेअर पाइप, २० फुटी ८-९ नग, आडवे पाइप ४०० मिमीवर. प्रत्येक जिन्याखाली पायरीच्या आकारात कापलेल्या चार उभ्या फळ्या. दोनच दिल्या तर मधली पायरी लवते, आणि लवणाऱ्या पायरीवर म्हातारा माणूस पुन्हा पाय ठेवत नाही.

आता ती चूक, जी जवळजवळ प्रत्येक सुताराकडून होते. फळ्या १५० च्या खाचांनी अचूक कापल्या जातात आणि मग त्यांवर १९ मिमीचं प्लाय बसतं. सगळ्या पायऱ्या १९ ने वर उचलल्या जातात. ओटा मात्र ९०० वरच असतो. परिणाम: पहिला राइजर १६९, मधले १५०, शेवटचा १३१. डोळ्यांना दिसत नाही. पण चढणाऱ्याचं पाऊल आधीच्या पायरीवरून पुढच्या पायरीची उंची गृहीत धरतं आणि शेवटच्या पायरीवर धडपडतं. उपाय एकच. कापून झालेल्या फळीचा तळ १९ मिमीने उतरवायचा. वर रबर मॅट लावणार असाल तर ती सगळ्या पायऱ्यांवर, ओट्यावर आणि जिन्याच्या पायथ्याशीही सारखीच लावा. मॅट फक्त पायऱ्यांवर लावून ओटा कोरा ठेवला, की तोच घोळ पुन्हा होतो. काम झाल्यावर प्रत्येक राइजर टेपने मोजून पेन्सिलीने आकडा लिहावा. दोन राइजरांत ५ मिमीहून जास्त फरक असला तर जिना उघडू नये.

सुरक्षेत हात आखडता घेऊ नका. प्रत्येक जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, पायरीच्या काठापासून ९०० मिमी उंच, मुठीत मावेल असा ४० मिमी गोल पाइप. ओट्याच्या उघड्या बाजूंना १००० मिमी उंचीचा कठडा, दांड्यांमधली फट १०० मिमीच्या आत, म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकणार नाही. पायऱ्यांच्या काठावर ५० मिमीची पिवळी घसरणरोधक पट्टी. ओटा चौरस मीटरला ५०० किलो भार घेईल असा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून, सही घेऊन ठेवावा. उघडण्याआधी दहा-बारा जणांनी त्यावर उभं राहून जागच्या जागी पावलं टाकावीत. सांगाडा डुलला तर तिरपे पाइप वाढवा. पहिला जिना फक्त चढायचा, उतरायचा नाही. तिथे पाटी पुरत नाही, स्वयंसेवक उभा हवा.

पाहुण्याला सांगायची कृती अशी: सोबतच्या माणसाशी बोलत बोलत तिन्ही चढा. कुठल्या जिन्यावर बोलणं थांबवून पायांकडे बघावं लागलं? हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलालाही कळतो आणि सत्तरीच्या आजोबांनाही.

चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचं काय? १:१२ च्या उताराने ९०० मिमी चढायला १०.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, मधला विसावा वेगळा. ही लांबी हॉलच्या लांब भिंतीलगत पट्टी मारून दाखवा. 'इथून तिथपर्यंत' हे पाहिल्यावर बिल्डरने दोन मीटरच्या जागेत कोंबलेला रॅम्प लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. मात्र जे खाली दिसत नाही असं काहीही ओट्यावर ठेवू नका. वर जायला जमलं नाही म्हणून कुणाचं काही हुकता कामा नये.

जिन्याजवळच्या भिंतीवर पर्वती टेकडीचा एक मोठा फोटो लावावा. पुण्यातली माणसं त्या १०३ पायऱ्या रोज हौसेने चढतात आणि घरी दुसऱ्या मजल्याला लिफ्ट बोलावतात. कारण पायऱ्यांच्या संख्येत नाही. पर्वतीला उघडं आभाळ आहे, सोबत आहे, वर पोचल्यावर सगळं शहर दिसतं. इमारतीतला जिना मागच्या कोपऱ्यात, खिडकीविना, जुन्या सायकली आणि रंगाचे डबे ठेवायला. शेजारी १:५० चं एक मॉडेल ठेवा, ज्यात जिना, लिफ्ट आणि वॉचमनची केबिन लोहचुंबकावर हलवता येतात. या मापात माणूस ३३-३४ मिमीचा करावा. एक इशारा फलकावर लिहायलाच हवा: उंच इमारतीत जिन्याचा आगरोधक दरवाजा काढून टाकणं हा मार्ग नाही. आगरोधक काच असलेला दरवाजा, किंवा एरवी उघडा राहून आग लागताच आपोआप बंद होणारा दरवाजा, हे मार्ग आहेत.

कॅलरीचा मोह टाळा

पायऱ्यांवर '१ पायरी = इतक्या कॅलरी' लिहिण्याची हौस सगळ्यांनाच येते. गणित करून बघा. ६० किलोच्या माणसाने ३ मीटरचा मजला चढला तर निव्वळ काम सुमारे १,७६० जूल, म्हणजे ०.४२ किलोकॅलरी. शरीराची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के धरली तरी एका मजल्याला साधारण २ किलोकॅलरी. एका पार्ले-जी बिस्किटापुढेही हा आकडा केविलवाणा दिसतो, आणि वाचणारा म्हणतो, मग लिफ्टच बरी. जिन्याचा फायदा कॅलरीत नाही. धाप लागण्यात, मांड्यांच्या ताकदीत, तोल सांभाळण्यात आहे. म्हणून मिनिटं लिहा. 'रोज तीन मजले, चार वेळा' याची मिनिटं स्वतः चढून घड्याळाने मोजा, सात दिवसांचा गुणाकार करा आणि १५० मिनिटांच्या पट्टीवर दाखवा.

लिफ्टजवळ जिन्याची आठवण करून देणाऱ्या पाट्यांनी जिन्याचा वापर वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. न्यू यॉर्कच्या आरोग्य खात्याची पाटी 'वीज नको, कॅलरी जाळा' अशा अर्थाची होती. मराठीत स्वतःची पाटी लिहा आणि ती हुकूम न वाटेल अशी ठेवा. 'आळशी', 'जाड', 'जरा हला' असले शब्द प्रदर्शनात कुठेही नकोत. संधिवात असलेली बाई, गरोदर मुलगी, नुकतंच बायपास झालेले काका हेही पाहुणेच आहेत.

फुटपाथ, अडथळ्यांसकट

इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेचं १०३ क्रमांकाचं मार्गदर्शक सांगतं, की फुटपाथवर चालायची मोकळी पट्टी किमान १.८ मीटर हवी, डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही लटकू नये आणि कडेची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको. हे बांधायला १५० मिमी उंचीच्या प्लायच्या पाच पेट्या करा, प्रत्येकी १.२ बाय १.८ मीटर. जोडल्या की ६ मीटर फुटपाथ. एका टोकाला सरळ १५० ची पायरी, दुसऱ्या टोकाला १.८ मीटर लांबीचा उतार.

खरे पेव्हर ब्लॉक वापरायचा मोह होईल. ६० मिमी जाडीचे ब्लॉक एवढ्या जागेत दीड टनाच्या आसपास जातात. हॉल वरच्या मजल्यावर असेल तर हे मुळीच करू नका. तळमजल्यावरही टाइल फुटते. वरून ब्लॉकचा फोटो छापलेला खरबरीत विनाइल (चिकटवायचा प्लास्टिकचा ताव) पुरेसा.

मग अडथळे. प्लायमधून खऱ्या मापाचे कापून, ब्रेक असलेल्या चाकांवर: डीपी बॉक्स, झाडाचा कठडा, स्टँडवर लावलेली स्कूटर, दुकानाची पुढे आलेली पायरी, उघडा चेंबर. पाहुण्याला एक बाबागाडी आणि एक चाकाची खुर्ची द्यायची आणि म्हणायचं, 'जा पलीकडे.' मोकळी रुंदी ९०० मिमीच्या खाली गेली की खुर्ची अडते. दोन अडथळे वेगवेगळे ठेवले तर चालतं, समोरासमोर आले की वाट बंद होते, हे शाळकरी मुलं स्वतः ढकलून शोधतात. बाजूला पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचा, रुंद फुटपाथ झाल्यानंतरचा, स्वतः मोजून काढलेला छेद (रस्ता आडवा कापल्यासारखा दाखवणारं चित्र) लावावा. फोटोपेक्षा छेद बरा, कारण त्यावर आकडे लिहिता येतात.

अंगण फक्कीने आखा

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला आखलेल्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत (१९८३-८६) सात घरं सुमारे ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती बसवली आहेत. असे तीन घोळके मिळून एकवीस घरं साधारण १२ बाय १२ मीटरच्या मोठ्या मोकळ्या जागेभोवती. कागदावर हे सगळे विद्यार्थी पाहतात, पण ८ मीटर म्हणजे किती हे उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

बाहेरच्या अंगणात मैदान आखायच्या फक्कीने ८ मीटरचा चौकोन काढा. कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का ते ३, ४ आणि ५ मीटर बाजूंच्या त्रिकोणी दोरीने बघा, आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजा: ११.३१ मीटर आले पाहिजेत. कडेला सात दारांच्या चौकटी, नुसत्या बांबूच्या. मध्ये लगोरीची ठिकरी ठेवा. कुणाला काही सांगावं लागत नाही, पहिल्या पाच मिनिटांत मुलं खेळायला लागतात.

दुसऱ्या आठवड्यात त्याच चौकोनात २.५ बाय ५ मीटरच्या दोन गाड्यांच्या चौकटी आखा. ६४ चौरस मीटरमधले २५ गेले. लगोरी अजूनही जमते, पण पळायची वाट वाकडी होते. तिसऱ्या आठवड्यात तिसरी गाडी: ३७.५ गेले आणि खेळ थांबतो. स्वतःच्या सोसायटीचं आवार कधी आणि कसं गेलं, याची आठवण इथे पालकांना होते. शेजारी वहीत त्यांना सोसायटीचा नकाशा काढायला सांगा: १९९० साली काय होतं, आज काय आहे. फक्की रोज पुसली जाते, पाच किलो रोजची धरून ठेवा. कोपऱ्यांना खिळे ठोकून ठेवले तर पुन्हा आखायला दहा मिनिटं लागतात.

बारा मीटर रिबन

कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ रस्ते वाहनांना बंद करून सायकली आणि चालणाऱ्यांना देतात. आज ते १२० किलोमीटरच्या वर आहेत. आपल्या शहराचा १:१०,००० चा नकाशा भिंतीवर लावा. या मापात १२० किलोमीटर म्हणजे बरोबर १२ मीटर रिबन. ती पाहुण्यांच्या हातात द्यायची, टाचण्यांनी रस्त्यांवर बसवायची. दर सोमवारी फोटो काढून रिबन मोकळी करा.

पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला. प्रदर्शनाच्या तारखांत ११ डिसेंबर आला तर त्या दिवशी हॉलबाहेरचा रस्ता मागून बघावा. अर्ज मात्र वाहतूक शाखेकडे निदान दोन महिने आधी, पर्यायी मार्गाच्या नकाशासह.

फलक आणि छपाई

लिखाण मुळातच मराठीत करा. इंग्रजीवरून उतरवलेला फलक पहिल्या ओळीतच ओळखू येतो आणि लोक तो सोडून पुढे जातात. एका फलकावर ६० ते ७० शब्द, मुख्य फलकावर १५०. अक्षरं २८ पॉइंटपेक्षा लहान नकोत. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात म्हणून ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. मुक्त (Mukta) आणि बालू (Baloo) हे दोन्ही फॉण्ट मोफत मिळतात. पहिला मजकुराला, दुसरा मथळ्यांना.

छपाईत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो जोडाक्षरांपायी. तुमच्या संगणकावर 'पायऱ्या' नीट दिसतं, छापखान्यातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की 'र्‍' सुटा होतो, वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते. फाइल पाठवण्याआधी सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांत, बदलून पीडीएफ करा. तरीही एक फलक आधी छापून घ्या आणि ज्याने मजकूर लिहिला नाही अशा माणसाकडून वाचून घ्या. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, तेही तपासा; फॉण्टमध्ये भाषा मराठी निवडली नसेल तर हिंदी वळण येतं.

फलक ८ बाय ४ च्या तावातून तुकडा न वाया जाता निघतील अशा मापाचे करा: ४ बाय २ फूट उत्तम. ५ मिमी सनबोर्ड तीन आठवड्यांत वाकतो. ८ मिमी घ्या किंवा पातळ प्लायवर विनाइल चिकटवा. लॅमिनेशन मॅटच, ग्लॉसीवर दिव्याचा डाग पडतो. दिवा उभ्या रेषेपासून तीस अंशांवर ठेवला की वाचणाऱ्याची सावली मजकुरावर येत नाही. फलकाचा मध्य जमिनीपासून १३५-१४० सेंटिमीटरवर, म्हणजे बसलेल्याला आणि उभ्याला दोघांनाही वाचता येतं. मॉडेलचं टेबल ७५ सेंटिमीटर.

जमिनीवरच्या पट्ट्या पॉलिश केलेल्या टाइलवर बसतात, खडबडीत शहाबादीवर दुसऱ्याच दिवशी उचलल्या जातात. फरशी आधी ओल्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसा. शहाबादीवर विनाइलचा हट्ट सोडून रंगीत खडू किंवा पातळ चुना वापरावा.

बसायला जागा

हालचालीवरच्या प्रदर्शनात बाकडी लागतात, जास्तच लागतात. दर १५ मीटरला एक, ४५ सेंटिमीटर उंच, पाठ आणि हात असलेलं. हाताशिवाय गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही. प्यायचं पाणी मध्यावर. मुख्य वाट १.८ मीटर, वळणाशी दीड मीटरचं वर्तुळ मोकळं. बाहेर पडायची दारं कधीही फलकाने झाकू नका. वायर वाटेत आडवी टाकू नका. प्लाय आणि विनाइल एवढं असताना अग्निशामक सिलिंडर जिन्याजवळ आणि दारात, दोन्हीकडे हवेत. हॉल पहिल्या मजल्यावर असेल तर जिना सजवा, उजळवा, आणि लिफ्टचा बाणही तितकाच ठळक लावा.

मोजा, मग उतरवा

प्रदर्शन स्वतःच एक प्रयोग करू शकतं. इमारतीत जिना आणि लिफ्ट दोन्ही असतील तर उघडण्याआधी एक आठवडा, रोज ठरावीक दोन तास, कोण कशाने गेलं याच्या रेघा ओढा. मग पाटी लावा, पुन्हा तेच तास मोजा. शेवटच्या आठवड्यात पाटी काढून परत मोजा. सामान घेऊन आलेल्यांची नोंद वेगळी ठेवा, नाहीतर बाजारच्या दिवशी आकडे उगाच लिफ्टकडे झुकतात. निकाल जो येईल तो दारातल्या फळ्यावर लिहावा, फरक पडला नाही तरी लिहावा. लोकांचा विश्वास बसतो तो अशाने.

उतरवताना जिना वाचवायचा असेल तर तो बांधतानाच विचार हवा: फेविकॉल नको, फक्त ५० मिमीचे लाकडाचे स्क्रू, आधी भोक पाडून, सांगाडा नटबोल्टचा, दोन माणसांना उचलेल एवढ्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक. असे तीन जिने वास्तुकला महाविद्यालयाला दिले तर पहिल्या वर्षाच्या वर्गात वर्षानुवर्षं कामाला येतात. फुटपाथच्या पेट्या शाळांना व्यासपीठ म्हणून जातात. जमिनीवरची पट्टी थंड असताना ओढली तर गोंद मागे राहतो. हेअर ड्रायरने गरम करत, जमिनीला जवळजवळ समांतर, हळू ओढावी. उरलेला चिकटपणा खोबरेल तेलाने निघतो, मग साबणाचं पाणी.